मानवी विकासाचे सिद्धान्त आणि समुपदेशन : मोजपट्टी कोणाची?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची मानसशास्त्राशी पहिली गाठ बहुधा व्यवस्थापनाच्या पेपरात पडते. अब्राहम मॅस्लोचा पाच थरांचा त्रिकोण आपण सर्वांनी वहीत काढलेला असतो. तळाशी अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान आणि शेंड्यावर स्वतःतील क्षमतांचा पूर्ण आविष्कार. खालचा थर भरल्याखेरीज माणूस वरच्या थराकडे वळत नाही, असे उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळतात. परंतु घरात पुढच्या महिन्याच्या ज्वारीची भ्रांत असताना उसनवारी करून मुलीच्या लग्नात व्याह्यांचा मानपान सांभाळणारा बाप या त्रिकोणात कोठे बसतो, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

खरे तर मॅस्लोने १९४३ साली हा विचार मांडला तेव्हा त्रिकोण काढलाच नव्हता. तो पुढे व्यवस्थापनाच्या लेखकांनी काढला. आपला क्रम अगदी ताठर नाही, असेही त्याने बजावले होते. १९८० साली गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा ताळेबंद मांडला आणि एक स्पष्ट प्रश्न विचारला : अमेरिकेत जन्मलेले हे सिद्धान्त अमेरिकेबाहेर लागू पडतात काय? शेंड्यावर ‘स्वतः’ला बसवणे ही त्याच्या मते मानवजातीची नव्हे, तर एका विशिष्ट समाजाची आवड होती.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत ही चूक झाली तर फार तर बोनसची योजना फसते. पण हीच मोजपट्टी घेऊन कोणी आपल्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि ‘तुझी वाढ नीट झाली आहे की नाही’ हे ठरवू लागला, तर? समुपदेशन हा शब्द आता कॉलेजांच्या सूचनाफलकांवर सर्रास दिसतो. समुपदेशकाच्या हाती जी साधने असतात ती प्रामुख्याने मानवी विकासाच्या सिद्धान्तांतून आलेली आहेत. म्हणून ते सिद्धान्त कोणत्या अंगणात तयार झाले हे आपणच पाहिलेले बरे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव एरिक एरिक्सन यांचे. त्यांच्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या १९५० सालच्या ग्रंथात माणसाच्या आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो. तान्ह्या मुलापुढे विश्वास ठेवावा की नाही हा पेच, शाळकरी मुलापुढे आपल्याला काही जमते की नाही हा पेच, आणि म्हातारपणी आयुष्याचा जमाखर्च जुळला की नाही हा पेच. आपल्या वयाचा पेच पाचवा : मी कोण? एरिक्सन यांच्या मते या वयात समाजाने तरुणाला थोडी उसंत द्यावी. त्याने चार गोष्टी करून पाहाव्यात, दोन सोडून द्याव्यात आणि मग स्वतःची ओळख पक्की करावी. ही ओळख पक्की झाली की मगच सहावी अवस्था, म्हणजे दुसऱ्या माणसाशी खरी जवळीक, साधते.

हा प्रश्न एरिक्सन यांना सुचला तो त्यांच्या आयुष्यामुळेच, असे म्हणायला जागा आहे. १९०२ साली जर्मनीत जन्म, आई डेन्मार्कची ज्यू, खरा बाप कोण हे कधीच कळले नाही, सावत्र वडील ज्यू डॉक्टर. गोरापान आणि निळ्या डोळ्यांचा हा मुलगा शाळेत ‘ज्यू’ म्हणून हिणवला गेला आणि प्रार्थनामंदिरात ‘परका’ म्हणून. १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतले. एरिकचा मुलगा एरिक! ज्याला आडनावसुद्धा स्वतः घडवावे लागले, त्याने ‘मी कोण’ हा प्रश्न आयुष्याच्या मध्यभागी ठेवावा, यात नवल नाही. ज्या घरात नाव, आडनाव, कुलदैवत आणि पुष्कळदा दुकानाची पाटीही आधीच तयार असते, तेथे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो.

एरिक्सन यांना याची जाण नव्हती असे मात्र नाही. अमेरिकेतील सू आणि युरोक या आदिवासी जमातींत जाऊन त्यांनी मुले कशी वाढवली जातात ते पाहिले होते. १९६२ साली ते अहमदाबादला आले आणि १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाने त्यांना असे पछाडले की त्यातून ‘गांधीज ट्रुथ’ हा १९६९ चा ग्रंथ जन्मला. (त्या संपात गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! औद्योगिक संबंधांच्या पुस्तकात हा संप एका ओळीत उरकतात, ते काही बरे नव्हे.) अहमदाबादमध्येच एरिक्सन यांची गाठ सुधीर कक्कर या तरुणाशी पडली. कक्कर इंजिनिअर होते, पुढे अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले आणि अखेरीस मनोविश्लेषक. १९६८ साली त्यांनी एरिक्सन यांच्या अवस्था आणि आपले चार आश्रम शेजारी शेजारी ठेवून एक निबंध लिहिला, आणि १९७८ साली ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय बालपणाची मीमांसा केली. आयुष्याची शेवटची वर्षे ते गोव्यात राहिले आणि २०२४ साली वारले. आश्रमांच्या कल्पनेतही पायऱ्या आहेतच. पण तेथे तरुणाला ‘तू कोण’ असे विचारलेले नाही, ‘तुझे आता कर्तव्य काय’ असे विचारले आहे. अर्थात हे आश्रम शास्त्रात तरी वरच्या वर्णांच्या पुरुषांसाठी होते. बाकीच्यांना ती शिडी कोणी लावूनच दिली नाही. तेव्हा परकी मोजपट्टी टाकून घरची घेतली की काम झाले, असेही नाही.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल असा एक शब्द. एरिक्सन यांच्या पाचव्या अवस्थेवरून जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली तरुणांचे चार गट पाडले. ज्याने शोधही घेतला नाही आणि ठरवलेही नाही, तो एक; जो अजून शोधतो आहे, तो दुसरा; ज्याने शोधून ठरवले, तो तिसरा आणि सर्वांत प्रगत. चौथा गट अशांचा, की ज्यांनी शोध न घेताच आईवडिलांनी ठरवलेले स्वीकारले. या गटाला त्यांनी नाव दिले ‘फोरक्लोजर’. बँकेत आपण कर्जाचे ‘फोरक्लोजर’ केले, म्हणजे मुदतीपूर्वी खाते बंद केले, तर घरात पेढे वाटतात. मार्शियांच्या कोष्टकात मात्र तो शब्द कमी वाढीची खूण ठरतो.

समजा, खडेबाजारात वडिलांचे कापडाचे दुकान आहे. मुलगा बी.कॉम. करतो, संध्याकाळी गल्ल्यावर बसतो आणि पदवी मिळाली की दुकानच पाहायचे असे त्याचे ठरलेले आहे. त्याला कोणी ‘इतर पर्यायांचा विचार केलास का’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. कोष्टकात खूण झाली : फोरक्लोजर. पण या मुलाने दहाव्या वर्षापासून गिऱ्हाईक पाहिले आहे, उधारीची वही सांभाळली आहे, ऑनलाइन विक्रीपुढे दुकान टिकवायचे कसे यावर वडिलांशी वाद घातला आहे. त्याने शोध घेतला नाही असे कसे म्हणावे? दुकानाबाहेर शोधले नाही, एवढेच खरे. आणि मार्शियांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते सगळे अमेरिकन कॉलेजातील तरुण होते, तेही फक्त पुरुष. आपल्या वर्गात ते कोष्टक फिरवले तर निम्मा वर्ग चौथ्या रकान्यात पडेल, आणि त्यातून आमच्याविषयी फारसे काही कळणार नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तृतीय वर्षाची परीक्षा व्हायच्या आत जिची सुपारी फुटते आणि जिला कोणी विचारलेलेच नसते, तिच्या बाबतीत ‘फोरक्लोजर’ हा शब्द अगदी नेमका बसतो. गहाण टाकलेली वस्तू मालकाला न विचारता जप्त व्हावी, तसेच ते. ‘आमची संस्कृतीच अशी आहे’ एवढे म्हणून समुपदेशकाने तिची बोळवण केली, तर तो संस्कृतीचा आदर म्हणता येणार नाही. ते अंग काढून घेणे होईल. एकच शब्द एका विद्यार्थ्यावर अन्याय करतो आणि दुसरीची व्यथा उघड करतो. तो शब्द कोठे वापरायचा हे पुस्तक सांगू शकत नाही, समोरच्या माणसाला विचारूनच ते कळते.

नीतीच्या वाढीबद्दलही असाच प्रकार घडला. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो परिसरातील ७२ मुलांना गोष्टी सांगून प्रश्न विचारले. त्यांतील गाजलेली गोष्ट हाइन्झची : बायको मरणाच्या दारी, औषधवाला अवाच्या सवा किंमत मागतो, तर हाइन्झने औषध चोरावे का? उत्तर काय यापेक्षा कारण काय देतो, यावरून कोलबर्ग यांनी नीतीच्या सहा पायऱ्या ठरवल्या. शिक्षेच्या भीतीने वागणे सर्वांत खाली, लोक चांगले म्हणावेत म्हणून वागणे मध्ये आणि सर्वांना लागू पडणाऱ्या न्यायतत्त्वाने वागणे सर्वांत वर. ही ७२ मुले म्हणजे खरोखरच मुले होती, त्यांत एकही मुलगी नव्हती. कोलबर्ग यांच्याच सहकारी कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली यावर बोट ठेवले. नात्यांची, सांभाळण्याची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीला ही शिडी मधल्याच पायरीवर थांबवते, ही त्यांची तक्रार होती.

भारतात हे प्रश्न विचारले गेले तेव्हा तर आणखीच मौज झाली. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील लहानथोरांना ३९ प्रसंग सांगून कोणता दोष किती गंभीर ते विचारले. १९८७ साली ते छापून आले. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या ब्राह्मणांनी अत्यंत गंभीर दोषांत घातला. शिकागोकरांना त्यात दोष काय तेच कळेना. मग ओरिसाची माणसे नीतीच्या शिडीवर खाली का? एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मार्मिक उत्तर दिले. ज्याची अशी श्रद्धा आहे की त्या कोंबडीमुळे बापाच्या आत्म्याची गती अडते, त्याच्या दृष्टीने तो मुलगा बापाला इजा करतो आहे. आणि दुसऱ्याला इजा करू नये हे तर शिकागोलाही मान्य आहे. म्हणजे भेद कित्येकदा नीतीत नसतो, नीतीखाली धरलेल्या समजुतीत असतो. ‘असे का वाटते?’ हा एक प्रश्न जास्त विचारला की तो दिसतो.

आपल्या कर्नाटकातील उदाहरणही आहे. याच जोन मिलर यांनी डेव्हिड बर्सॉफ यांच्यासह म्हैसूर आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथे असे विचारले : जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोहोचवायच्या आहेत, पैसे चोरीला गेले आहेत, तर दुसऱ्याचे रेल्वेचे तिकीट उचलावे, की लग्न चुकवावे? म्हैसूरच्या बहुसंख्य लोकांनी मित्राला दिलेला शब्द वर मानला, न्यू हेवनच्या बहुसंख्यांनी चोरी न करणे. १९९२ सालचा हा अभ्यास. म्हैसूरकर चोरीला सोकावलेले होते असा याचा अर्थ कोणी काढू नये! मित्राशी असलेली बांधिलकी ही त्यांच्या लेखी खासगी आवडनिवड नव्हती, तेही कर्तव्यच होते.

आता समुपदेशनाकडे येऊ. त्याचा उगम, आश्चर्य वाटेल, पण नोकरीधंद्याच्या सल्ल्यात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले. बोस्टनच्या वस्त्यांत तेव्हा देशोदेशींहून आलेले तरुण कामाच्या शोधात हिंडत होते. स्वतःला ओळखा, कामे ओळखा आणि दोहोंचा मेळ घाला, अशी त्यांची साधी रीत होती. १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी या क्षेत्राला वेगळे वळण दिले. सल्ला देऊ नका, ऐका. माणूस आपला मार्ग आपणच काढतो, ही त्यांची शिकवण. ती उदात्त आहे यात शंका नाही. परंतु या खोलीत येणारा माणूस एकटा आला आहे आणि एकट्याने निर्णय घेणार आहे, हे तिने गृहीत धरले.

हे गृहीतक प्रथम अमेरिकेतच टोचू लागले. गिल्बर्ट रेन यांनी १९६२ साली ‘संस्कृतीच्या कोशात बंद झालेला समुपदेशक’ असे वर्णन केले : स्वतःच्या समाजाच्या चालीरीती हेच जगाचे वास्तव मानणारा. मग स्टॅन्ली सू यांनी सिॲटल परिसरातील १७ मानसोपचार केंद्रांच्या नोंदी तपासल्या आणि १९७७ साली आकडे मांडले. अल्पसंख्य समाजांतून आलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर परत फिरकलेच नव्हते. गोऱ्या लोकांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे पुन्हा पायरी चढत नसतील, तर दोष गिऱ्हाइकांचा मानायचा की मालाचा? त्यांचेच भाऊ डेराल्ड विंग सू यांनी पेट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांच्यासह १९९२ साली बहुसांस्कृतिक समुपदेशकासाठी अपेक्षा लिहून काढल्या. त्यांचा गाभा असा की आधी स्वतःचे पूर्वग्रह ओळखा, मग समोरच्याचे जग जाणून घ्या आणि त्याप्रमाणे रीत बदला. मला यातील पहिली अट सर्वांत अवघड वाटते. समोरच्याच्या समाजाची माहिती पुस्तकात मिळते. तीच माहिती पाठ करून आडनाव ऐकताच माणसाला त्या चौकटीत बसवणे हा मात्र नवा कोश होतो.

भारतातील मनोरोगतज्ज्ञांनी हे आपल्या पद्धतीने पूर्वीच ताडले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सामील करून घेतले. डॉ. जसवंतसिंग नेकी, जे पंजाबीतील नामवंत कवीही होते, यांनी १९७३ साली गुरु-शिष्य नात्याचा विचार मांडला. आपला माणूस समुपदेशकाला बरोबरीचा मित्र मानत नाही, वडीलधारा मानतो; तो विचारतो, ‘सर, मी काय करू?’ रॉजर्स यांच्या शिष्याने यावर ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारून गप्प बसावे, तर येथे समोरचा समजतो की यांना काही येत नाही. नेकी यांचे म्हणणे असे की हा आधार आधी घेऊ द्यावा आणि त्या आधारावरच माणसाला हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे करावे. यात धोका नाही असे नाही. गुरूला शिष्य सोडवत नाही, हे आपण पुष्कळ पाहतो.

आमच्या भागात या सर्वांहून आधी एक साधी अडचण येते, ती भाषेची. इंग्रजीत समुपदेशकाला एकच ‘यू’ पुरतो. मराठीत ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, कन्नडमध्ये ‘नीनु’ की ‘नीवु’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते आणि तेथेच कोण वर कोण खाली हे ठरून जाते. त्याहून सूक्ष्म गोष्ट ‘आम्ही’ची. मराठी मुलगा ‘आमचे घर’, ‘आमचे वडील’ म्हणतो. कन्नड मुलगा ‘नम्म मने’, ‘नम्म अप्प’ म्हणतो. घरात तो एकुलता एक असला तरी! ‘आमच्याकडे हे चालायचे नाही’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर ती घरच्यांचे मत सांगते आहे, स्वतःचे सांगते आहे, की स्वतःचे मत घरच्यांच्या आड लपवते आहे? तीनही शक्य आहेत. याचे घाईने ‘मी’त भाषांतर करणारा समुपदेशक चुकेल आणि ते ‘आम्ही’ शब्दशः धरणाराही चुकेल. शिवाय येथील विद्यार्थी घरी मराठी, बाजारात कन्नड, मित्रांत दोन्हींची भेसळ आणि वर्गात इंग्रजी बोलतो. जमाखर्च तो इंग्रजीत मांडील, पण रडू येईल ते इंग्रजीत येणार नाही. तो मध्येच इंग्रजीकडे वळला तर ते नेहमी ऐट म्हणूनच असते असेही नाही. जे आईच्या भाषेत तोंडातून निघत नाही, ते परक्या भाषेत कधीकधी सोपे जाते.

म्हणून समुपदेशन कक्षाच्या दारावर कोणत्या भाषांत बोलता येईल ते लिहिलेले असावे, आणि विद्यार्थ्याने बोलता बोलता भाषा बदलली तर ती बदलू द्यावी. पालकांना बोलवायचे की नाही, हेही विद्यार्थ्यालाच विचारावे. घरच्यांची सोबत एकाला आधार वाटते, तर दुसरीला त्यांचीच भीती असते. फोनवर बोलणे ज्यांना सोयीचे वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठी किंवा कन्नड यांपैकी हवी ती भाषा निवडता येते.

तृतीय वर्ष, वाणिज्य